मोडेमच्या नावातील ‘बिस’

मोडेमच्या मानकांचा तक्ता शिकवताना ‘व्ही.२२ बिस’ आले की बरेच विद्यार्थी वहीत ‘बिस म्हणजे दुप्पट वेग’ असे लिहून ठेवतात. चूक समजण्यासारखी आहे. व्ही.२२चा वेग सेकंदाला १२०० बिट, तर १९८४च्या व्ही.२२ बिसचा २४००. पण व्ही.३२चा वेग ९६०० आणि १९९१च्या व्ही.३२ बिसचा १४,४००. इथे दुप्पट कुठे आहे?

‘बिस’ हे लॅटिन क्रियाविशेषण. अर्थ ‘दोन वेळा’. जुन्या लॅटिनमध्ये ते ‘दुइस’ होते. संस्कृत ‘द्विः’ हे त्याचेच भावंड, जसे ‘तेर’चे ‘त्रिः’. (चहाबरोबरचे बिस्किटही मुळात ‘दोनदा भाजलेले’.) फ्रान्समध्ये रस्त्याच्या एकाच बाजूच्या १२ आणि १४ या घरांमध्ये नवे घर झाले, तर त्याला ‘१२ बिस’ म्हणतात, पुढच्या पाट्या बदलाव्या लागत नाहीत. जिनिव्हाच्या सीसीआयटीटी या दूरसंचार समितीच्या मानकांतही तोच प्रकार दिसतो: जुना क्रमांक दुसऱ्यांदा वापरला, एवढेच. वेगाशी त्याचा संबंध नाही.

पुढे एटी अँड टीने १९,२०० बिटांचा ‘व्ही.३२ टेर्बो’ काढला. नाव म्हणजे ‘तेर’ आणि ‘टर्बो’ यांवरची कोटी. समितीचे मानक ते कधीच नव्हते, त्यामुळे तक्त्यात लिहिताना तशी नोंद करावी.