‘ते’ आणि त्याचे वारस

१९४० च्या ऑगस्टमध्ये ‘अननोन’ या अमेरिकी मासिकात थिओडोर स्टर्जनची ‘इट’ ही कथा आली. स्टर्जन तेव्हा २२ वर्षांचा होता. रानात पडलेल्या एका सांगाड्यावर बुरशी आणि कुजका पाला साचतो आणि त्यातून काहीतरी उठून चालू लागते. त्याला ना राग, ना सूड. आहे फक्त कुतूहल. जिवंत प्राणी आतून कसा असतो हे पाहण्यासाठी ते किंबो या कुत्र्याला फाडते. मग कुत्र्याच्या मालकालाही, ॲल्टन ड्रूला.

मराठीत या नावाला ‘ते’ हा नेमका शब्द आहे. लेकरालाही आपण ‘ते’च म्हणतो, आणि खेळणे मोडून पाहणारे मूल या राक्षसाहून फार दूर नाही.

कॉमिक्सने ही कल्पना लगेच उचलली. १९४२ मध्ये ‘हीप’ आला : दलदलीत विमान कोसळलेला जर्मन वैमानिक. १९७१ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने मॅन-थिंग आणि स्वॉम्प थिंग आले. पण या वारसांना पूर्वायुष्य चिकटले. १९७१ चा स्वॉम्प थिंग तर बायकोसाठी झुरतो. स्टर्जनच्या ‘ते’मध्येही माणसाचाच सांगाडा आहे, रॉजर कर्कचा, मात्र कर्कचे मन त्यात कणभरही उरलेले नाही. वाचकाने कीव करावी असे तिथे कोणीच नाही. माझ्या मते खरी भीती तीच, आणि वारसांनी नेमकी तीच गाळली.

मूळ कथेचे अधिकृत रूपांतर या सर्वांनंतर, डिसेंबर १९७२ च्या ‘सुपरनॅचरल थ्रिलर्स’च्या पहिल्या अंकात आले. म्हणजे नातवंडांनंतर आजोबा! १९५४ च्या कॉमिक्स संहितेने भयकथांची कोंडी केली होती. ती १९७१ मध्ये सैल झाली. लेखन रॉय थॉमसचे. मॅन-थिंगच्या जन्मदात्यांपैकी तो एक. चित्रे मेरी सेव्हरिनची. संहितेपूर्वी ‘ईसी’च्या भयकॉमिक्सना रंग देणारी तीच. अडचण चित्रकलेचीच होती. चेहरा काढला की वाचक त्यात राग, दुःख शोधणारच. गद्यात स्टर्जनला चेहरा काढावाच लागला नव्हता.

कथेत ‘ते’ अखेर ओढ्याच्या पाण्यात विरघळते. सांगाडा सापडल्याचे बक्षीस ड्रू कुटुंबाला मिळते. ॲल्टन मात्र नाही, आणि घरातली लहानगी बेब रात्री किंचाळत उठते.