कौटुंबिक उद्योगांतील व्यावसायिक व्यवस्थापक

कौटुंबिक उद्योगांतील व्यावसायिक व्यवस्थापक म्हणजे मालक कुटुंबाशी नाते नसताना त्या कुटुंबाच्या उद्योगात वेतनावर वरिष्ठ पद सांभाळणारी तज्ज्ञ व्यक्ती. अशा उद्योगांत सर्वोच्च पद बहुधा वारसाकडे जाते. तरीही अनेक अनुभवी व्यक्ती तेथे काम करणे पसंत करतात.

== निवडीची कारणे ==
मालकाशी थेट संपर्क असल्याने निर्णय लवकर होतात आणि केलेल्या कामाचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. मध्यम आकाराच्या उद्योगात एकाच व्यक्तीला उत्पादन, विक्री व वित्त यांचा एकत्रित अनुभव मिळतो. मालकी पुढच्या पिढीकडे सोपवायची असल्याने कुटुंब तात्कालिक नफ्यापलीकडे पाहू शकते. त्यामुळे सावकाश फळ देणाऱ्या कामास वाव मिळतो.

== भारतातील उदाहरणे ==
जे. आर. डी. टाटा यांच्या कारकिर्दीत सुमंत मुळगावकर यांनी टेल्कोची (नंतरची टाटा मोटर्स) धुरा सांभाळली. कंपनीच्या पुणे येथील प्रकल्पात १९६६ मध्ये उत्पादन-अभियांत्रिकी विभाग सुरू झाला; तेथून पहिले व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले. यंत्रे व कारागीर घडविण्यासाठी त्यांना दशकाहून अधिक काळ मिळाला. टाटा समूहाने १९५६ मध्ये होतकरू व्यवस्थापकांसाठी 'टाटा प्रशासकीय सेवा' सुरू केली होती. मात्र टाटा सन्सची बहुतांश मालकी धर्मादाय न्यासांकडे असल्याने हा समूह रूढ अर्थाने कौटुंबिक नाही.

डाबरच्या बर्मन कुटुंबाने १९९८ मध्ये दैनंदिन कारभार व्यावसायिकांकडे सोपविला. मॅरिकोमध्ये २०१४ साली सौगत गुप्ता व्यवस्थापकीय संचालक झाले. संस्थापक हर्ष मारीवाला अध्यक्षपदी राहिले.

== मर्यादा ==
पद एकाकडे आणि अंतिम शब्द दुसऱ्याचा, ही स्थिती सर्वांत जाचक ठरते. कर्मचारी व्यवस्थापकाला डावलून थेट कुटुंबीयांकडे जाऊ लागले, की त्याचा अधिकार नाममात्र उरतो. भावंडांतील वादात त्याला पक्ष घेणे भाग पडते. वारस कारभारात उतरल्यावर वर्षानुवर्षांच्या सेवेनंतरही पदोन्नतीची वाट बंद होऊ शकते.

== उपाय ==
अधिकारांची लेखी विभागणी, स्वतंत्र संचालक आणि कुटुंबीयांच्या प्रवेशाचे नियम ठरविणारे 'कुटुंब संविधान' हे प्रचलित उपाय होत. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ही पदे वेगळी ठेवण्याची तरतूद सेबीने २०२२ मध्ये ऐच्छिक केली. त्यामुळे मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांतही हा निर्णय मुख्यतः कुटुंबाच्या इच्छेवर अवलंबून आहे. म्हणून पद स्वीकारण्यापूर्वी वेतनाइतकेच अधिकारही स्पष्ट करून घेणे व्यवस्थापकाच्या हिताचे ठरते.