इमारत आणि चूल

तुर्कस्तानात साध्या खाणावळीला 'लोकांता' म्हणतात. त्यातला 'लोक' आपला नव्हे. वाटसरूंच्या सराईला इटालियन भाषेत 'लोकांदा' म्हणतात, तिथून हा शब्द आला. कारागीर-दुकानदारांच्या लोकांतेत काचेमागं रस्से, भात, पांढऱ्या घेवड्याची उसळ मांडलेली असते. बोट दाखवायचं, की ताट समोर येतं. मी कवी, त्यामुळं माझं लक्ष शब्दांकडं. 'चोर्बा' म्हणजे आपला शोरबा, 'तबाक' म्हणजे तबक. आणि बिल मागायचं तर म्हणायचं 'हेसाप', आपला हिशेब!

पण तिथल्या जेवणाच्या इतिहासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा शब्द आहे 'इमारेत'. मूळ अरबी शब्द एकच. आपल्याकडं तो 'इमारत' झाला, उस्मानी तुर्कांकडं धर्मादाय मुदपाकखाना. 1453 मध्ये इस्तंबूल जिंकणाऱ्या सुलतान मेहमदनं 1463 ते 1470 या काळात तिथं मोठी मशीद बांधली. तिच्याभोवती मदरसे, दवाखाना आणि इमारेतही उभी राहिली. विद्यार्थी, नोकरचाकर, वाटसरू, गोरगरीब तिथं फुकट जेवत. खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले.

इमारेतींतही हिशेब होताच. तांदूळ किती, मटण किती, याची नोंद ठेवली जाई. मात्र तो वहीतच राही, जेवणाऱ्यापुढं येत नसे. लोकांतेत तो येतो, आणि यायलाच हवा. आचाऱ्यालाही पोट आहे. अन्नछत्रं आपल्याकडंही होती. पण हा एक शब्द वाटून घेताना आपण भिंती घेतल्या, त्यांनी चूल.