माणूस, हक्क आणि राज्यसत्ता

राज्यसंस्थाच नसती, तर माणूस कसा वागला असता? सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातील विचारवंतांनी या प्रश्नाच्या उत्तरावरून शासनाचे स्वरूप ठरविण्याचा प्रयत्न केला. राजाची सत्ता ईश्वरदत्त असते, ही समजूत त्यातून खिळखिळी झाली.

इंग्लंडमध्ये १६४२ साली यादवी युद्ध पेटले आणि १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. या रक्तपाताच्या पार्श्वभूमीवर थॉमस हॉब्ज याचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ मध्ये प्रसिद्ध झाला. वचक ठेवणारी सत्ता नसेल, तर प्रत्येकाचे प्रत्येकाशी युद्ध जुंपते. म्हणून लोकांनी करार करून सार्वभौम सत्ता निर्माण करावी, असे त्याचे प्रतिपादन होते. मात्र स्वतःचा जीव वाचविण्याचा हक्क त्यानेही माणसाकडेच ठेवला.

जॉन लॉक याने १६८९ मध्ये वेगळी भूमिका मांडली. निसर्गावस्थेतही माणसाला विवेक असतो. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क राज्याने बहाल केलेले नसून राज्याच्या आधीपासूनचे आहेत. शासन हे केवळ विश्वस्त आहे. त्याने विश्वासघात केल्यास ते बदलण्याचा अधिकार जनतेला आहे, असे लॉक मानतो.

फ्रान्समध्ये माँतेस्क्यू याने १७४८ मध्ये सत्ताविभाजनाचा आग्रह धरला. सत्ता हाती आली की माणूस तिचा गैरवापर करू लागतो, हे त्यामागील सूत्र होते. जिनिव्हात जन्मलेल्या रूसोच्या मते माणूस मुळात दुष्ट नाही. विषम समाजरचना त्याला बिघडवते. त्याने १७६२ मध्ये ‘सामाजिक करार’ या ग्रंथात सार्वभौमत्व जनतेच्या ‘सामूहिक ईहे’त असल्याचे सांगितले.

या विचारांचा ठसा अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर उमटला. परंतु ‘माणूस’ या शब्दात कोण मोडते, हा प्रश्न शिल्लकच होता. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ पर्यंत कायदेशीर राहिली. फ्रान्समध्ये ओलँप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढविण्यात आले.

हाच प्रश्न पुढे महाराष्ट्रातही विचारला गेला. थॉमस पेन याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाचा महात्मा जोतीराव फुले यांच्यावर तरुणपणीच खोल प्रभाव पडला. १८७३ मध्ये त्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले. निसर्गदत्त हक्कांचा युक्तिवाद फुले यांनी राजसत्तेपुरता न ठेवता जातिव्यवस्थेपुढे उभा केला. हक्क जन्मजात असतील, तर जन्मावरून ते नाकारता कसे येतील, हाच त्याचा गाभा होता.