टिंक्चर ते एमडी : आपल्या शहराच्या वयाची विषकथा

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

दर थोड्या दिवसांनी ग्रुपवर एक फोटो फिरतो. टेबलावर ओळीने मांडलेल्या खोकल्याच्या सिरपच्या बाटल्या, गोळ्यांच्या पट्ट्या, एखाद्या पिशवीत पांढरी पावडर आणि मागे पोलीस. खाली कमेंट ठरलेल्या: "गर्दुल्ले माजलेत", "सगळ्यांना आत टाका". पण त्या टेबलावर तीन अगदी वेगळी विषं आहेत. बाटलीतलं विष एका वाटेने मारतं, पट्टीतलं दुसऱ्या, पिशवीतलं तिसऱ्या. आपण सगळ्यांना "नशा" हा एकच शब्द लावतो आणि हा आळस कधीकधी जिवावर बेततो. ही तिन्ही एका टेबलावर कशी आली, ते बघायला थोडं मागे जावं लागेल.

८ ऑगस्ट १९४९. लष्कराच्या कल्याण कॅम्पात सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं बराकींतून राहत होती. त्या दिवशी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्याच वर्षी मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा आणला आणि एप्रिल १९५० पासून बंदी पूर्ण लागू झाली. म्हणजे आपलं शहर आणि तो कायदा एकाच वयाचे.

दारू बंद झाली, पण अल्कोहोल कुठे बंद झालं? ते औषधांत होतं. टिंक्चर, टॉनिक, आसव, अरिष्ट. कोलन वॉटरसुद्धा कायद्याच्या कचाट्यात आलं. बलसारा नावाचे मुंबईकर गृहस्थ थेट कोर्टात गेले. त्यांना व्हिस्की-ब्रँडी तर हवी होतीच, शिवाय कोलन वॉटर, लॅव्हेंडर वॉटर आणि अल्कोहोल असलेली औषधं बाळगायचा हक्कही हवा होता. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी मान्य केली, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली.

याच वर्षी मे महिन्यात मुंबईत एक जीप तीन माणसांवर गेली. चालवणारा कोण? प्रादेशिक परिवहन कार्यालयातला मोठा अधिकारी! (हसू नका, खरंच.) तोंडाला दारूचा वास. त्याचं म्हणणं, दारू नव्हे, बी. जी. फॉस हे टॉनिक घेतलं होतं. हा पेसिकाका खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५४ मध्ये दारूबंदी कायद्याखालची शिक्षा टिकली नाही. वासावरून औषध की दारू हे कसं सांगणार? पुढे १९५९ च्या दुरुस्तीने रक्ततपासणीचा आकडा कायद्यात घातला गेला: ०.०५ टक्के. आपल्याकडे नशेचा कायदा नाकावरून प्रयोगशाळेत गेला तो असा. पण अडचण मिटली नाही. औषध आणि नशा एकाच बाटलीत असतील तर पकडायचं काय, हा प्रश्न सत्तर वर्षांनंतरही तसाच आहे.

ज्यांना टॉनिक परवडत नव्हतं त्यांच्यासाठी हातभट्टी होती. तिच्याबद्दल एकच सांगतो, कारण ते अजून चालू आहे. हातभट्टीने लोक मरतात ते "जास्त प्यायल्याने" असं आपण समजतो. विक्रोळीत २००४ मध्ये ८७ माणसं गेली, मालवणीत २०१५ मध्ये शंभराहून जास्त. ती मेली मिथेनॉलने. हे कारखान्यात द्रावक म्हणून वापरायचं रसायन. दिसायला, चवीला जवळपास दारूसारखंच. यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड करतं, मग फॉर्मिक अ‍ॅसिड. ते डोळ्यांच्या नसा जाळतं आणि रक्त आम्लधर्मी करतं. याला वेळ लागतो. माणूस रात्री पिऊन झोपतो, सकाळी त्याला धुकं दिसतं आणि घरचे म्हणतात, उतरली नाही अजून. तेच तास वाचवायचे असतात. पिऊन दुसऱ्या दिवशी अंधुक दिसायला लागलं तर लिंबूपाणी पाजत बसू नका. तडक दवाखाना. वेळेत गेलं तर उतारा आहे, डायलिसिस आहे.

आता गोळ्या. झोपेची मेथाक्वालोन ही गोळी पहिल्यांदा तयार झाली भारतातच, १९५१ साली. कक्कर आणि सय्यद हुसेन झहीर हे दोन शास्त्रज्ञ मलेरियावर औषध शोधत होते. मलेरियाचं जमलं नाही, झोपेचं जमलं. तीच पुढे मँड्रेक्स म्हणून जगभर विकली गेली. "सवय न लागणारी सुरक्षित झोपेची गोळी" अशी तेव्हा तिची ख्याती होती. ही ख्याती प्रत्येक नव्या गोळीला पहिली दहा वर्षं मिळते. मँड्रेक्स बंद करावी लागली ती ऐंशीच्या दशकात, पण तोवर तिचा धंदा बसला होता. सरकारने कारखाना बंद केला तरी कृती ज्यांना ठाऊक होती ती माणसं कुठे जाणार होती?

मग गर्द. १९८० नंतर मुंबईत ब्राऊन शुगर आली आणि मराठीला एक नवा शब्द मिळाला. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. आज ऐकून विचित्र वाटेल, पण हेरॉइन १८९८ साली बायर कंपनीने बाजारात आणलं ते खोकल्याचं औषध म्हणून! मॉर्फिनपेक्षा कमी सवय लागणारं, अशी तेव्हाची समजूत. ऐंशीच्या दशकात मात्र मुंबई-पुण्यातल्या घराघरांत पोरं पन्नीवर पावडर ओढत होती आणि आईबापांना काय चाललंय ते कळत नव्हतं. ते मराठी घरांना पहिल्यांदा नीट सांगितलं अनिल अवचटांनी, "गर्द" या पुस्तकात. पुलं आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात दिला आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. ते उभं केलं डॉ. सुनंदा अवचट यांनी. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे वाक्य आज सगळे म्हणतात. तेव्हा म्हणणारे फार नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, एनडीपीएस कायदा लागू झाला होता आणि त्याचा सूर बराचसा उलटा होता.

आणि गंमत बघा, शब्द टिकला, माल बदलला. सिरप पिणारा, गोळ्या खाणारा, थिनर हुंगणारा पोरगा, आज सगळेच "गर्दुल्ले". इथूनच घोळ सुरू होतो.

सिरपच्या बाटलीत मुख्य दोन औषधं. कोडीन, म्हणजे अफूचंच भावंड (१८३२ पासून माहीत असलेलं), आणि सर्दीवरचं क्लोरफेनिरामाइन. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीत १० मिलिग्रॅम कोडीन, म्हणजे शंभर मिलीच्या बाटलीत २००. डॉक्टर चमचा लिहून देतो, पोरगं बाटली तोंडाला लावतं. पोटात गेलेल्या कोडीनचा थोडा भाग यकृतात मॉर्फिन होतो. किती होतो ते ज्याच्या त्याच्या जनुकांवर. म्हणून एकाच टोळक्यातल्या एकाला नुसती झिंग येते आणि दुसऱ्याचा श्वास मंदावतो. मॉर्फिनने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. आणि दुसरं औषध? ते भरपूर गेलं की माणूस धोतरा खाल्ल्यासारखा वागतो: तोंड कोरडं, भ्रम, बाहुली मोठी. एकच बाटली बाहुलीला दोन्हीकडे ओढते. कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता बघणाऱ्या डॉक्टरने काय समजायचं?

कायद्याचीही इथे तारांबळ उडते. एनडीपीएसखाली अडीच टक्क्यांपर्यंत कोडीन असलेल्या औषधाला सूट आहे. सिरपमध्ये असतं ०.२ टक्के. कागदावर अगदी निरुपद्रवी! २०१२ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं की कागदपत्रांशिवाय ट्रक भरून चाललेलं सिरप उपचारासाठी आहे असं म्हणता येणार नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर एकदम बंदी घातली, त्यात हेही आलं. कंपन्या कोर्टात गेल्या, डिसेंबरमध्ये बंदी रद्द झाली. जून २०२३ मध्ये पुन्हा १४ मिश्रणांवर बंदी आली, त्यात कोडीन-क्लोरफेनिरामाइन होतंच. मधली सात वर्षं बाटल्या काय रिकाम्या बसल्या होत्या?

पट्टीतली गोळी वेगळ्या घराण्यातली. "बटन" म्हणजे नायट्राझेपाम, मालेगावकडे जिला "कुत्ता गोळी" म्हणतात ती अल्प्राझोलाम. दोन्ही डॉक्टरांची औषधं आहेत, झोपेची आणि घबराटीची. १ मार्च २०१४ पासून ती शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, म्हणजे मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून रजिस्टरला नाव लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. आपल्या नाक्यावरचा मेडिकलवाला तसं विचारतो का, हे तुम्हीच आठवून बघा. अर्थात सगळा दोष त्याच्या माथी मारणं सोपं आहे. गठ्ठ्याने येणारा माल काउंटरवरून येत नाही, वरच्या साखळीतून फुटतो.

या गोळ्या एकट्या घेतल्या तर बहुतेकदा माणूस झोपतो आणि उठतो. सिरपबरोबर किंवा दारूबरोबर घेतल्या तर झोप खोल जात जाते आणि श्वास विसरतो. नायट्राझेपाम शरीरात दिवसभराहून जास्त रेंगाळते, त्यामुळे काल रात्रीची गोळी आजच्या बाटलीला जाऊन मिळते. कोडीनवर नॅलोक्सोन हे इंजेक्शन आहे, मिनिटांत काम करतं. गोळीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून पोरगा बेशुद्ध असताना सोबतचे मित्र पोलिसांच्या भीतीने "काही नाही, उन्हाने चक्कर आली" म्हणतात, तेव्हा ते त्याला मारत असतात. खिशातली पट्टी, बाटलीचं झाकण, काय असेल ते डॉक्टरच्या हातात द्या.

घरच्यांसाठी याहून महत्त्वाचं. आपल्याकडे एक जुनी पद्धत आहे: पोराला खोलीत कोंडायचं, आठ दिवस बाहेर कडी लावायची, "सुटेल आपोआप". गर्दच्या काळात हे चालून गेलं, कारण अफूच्या घराण्यातलं व्यसन तोडताना माणूस तळमळतो, ओकतो, अंग मोडून येतं, पण त्यानेच मरतो असं सहसा होत नाही. बटन आणि दारू यांचं गणित उलटं. रोजची गोळी एका दिवसात बंद केली तर आकडी येऊ शकते, आणि त्या आकडीत माणूस जातो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. मुलगा नक्की काय घेतोय हे माहीत नसताना कडी लावू नका. आणि अफूवाल्याचंही एक ध्यानात ठेवा: महिनाभर सुटलेला पोरगा जुन्या मापाने पुन्हा घेतो, तेव्हा शरीराची सवय मोडलेली असते. सुटून आल्यावरचे पहिले दिवस सगळ्यात घातक.

राहिली पिशवी. एमडी, मेफेड्रोन. १९२९ साली पॅरिसमध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने केलं आणि जग विसरलं. सत्तर वर्षांनी इंटरनेटवर पुन्हा सापडलं, युरोपात "झाडांचं खत" म्हणून विकलं गेलं. भारतात ते फेब्रुवारी २०१५ पर्यंत एनडीपीएसमध्ये नव्हतंच. त्याच वर्षी साताऱ्यात मोठा साठा पकडला, गवगवा झाला, आणि तपासणीत तो माल अजिनोमोटो असल्याचा अहवाल आला! पोलिसांना न ओळखू येणारी पावडर आपल्या गल्लीतला सतरा वर्षांचा मुलगा ओळखणार? हे विष बाकी दोघांच्या उलट चालतं. झोपवत नाही, पेटवतं. हृदय धावतं, अंग तापतं, झोप तीन-तीन दिवस नाही, मग संशय, मारामारी. नॅलोक्सोन इथेही कुचकामी, थेट उतारा नाहीच. अंग थंड करायचं आणि डॉक्टरने शांत करणारं इंजेक्शन द्यायचं. चार जणांनी त्याला दाबून धरलं तर ताप आणखी चढतो. लघवीच्या नेहमीच्या पट्टी तपासणीत एमडी बहुतेकदा सापडत नाही, त्यामुळे "टेस्ट निगेटिव्ह आली" म्हणून निर्धास्त होऊ नका.

हा माल येतो कुठून, तर कारखान्यांतून. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एमआयडीसीतून १८ टनांहून जास्त इफेड्रिन पकडलं, तेही मुळात दम्याचं औषध. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखाना, फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभला आणखी एक. अंबरनाथ-बदलापूरच्या लोकांना हे वाचून गप्प बसता येणार नाही. तशाच रिअ‍ॅक्टर, द्रावकं आणि कमी पगारातले केमिस्ट आपल्याही शेजारी आहेत. रात्री कुठला प्लँट चालू असतो, वास कसला येतो, हे कामगाराला आधी कळतं, पोलिसाला नंतर. नगरसेवकांनी पथदिव्यांइतकंच हेही विचारावं: बंद पडलेल्या युनिटांची तपासणी शेवटची कधी झाली? आणि आपल्या मध्यवर्ती रुग्णालयात नॅलोक्सोन आत्ता, आज रात्री, आहे का?

शेवटचं, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. एनडीपीएस कायद्यात ६४-ए नावाचं कलम आहे. स्वतःच्या सेवनासाठी थोडा माल बाळगणारा व्यसनी आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. पोरगं पकडलं गेलं तर वकिलाला हे कलम विचारा. सरकारी हेल्पलाइन १४४४६, पैसे लागत नाहीत. फोन करताना गोळीचं नाव हातात ठेवा. माहीत नसेल तर पट्टीचा रंग आणि मागचं छापील अक्षर सांगितलं तरी चालेल.