धोडपखालचा हिशेब

कळवणच्या दक्षिणेला सातमाळ्याची रांग आहे. तीत धोडपचा किल्ला लगेच ओळखू येतो. माथ्यावर शिवलिंगाच्या आकाराचा सुळका, त्याला लागून सरळ निघालेली कातळभिंत आणि त्या भिंतीला मधेच पडलेली भलीमोठी खाच. आमचे आबा बांधावर बसून ती खाच दाखवायचे आणि ठासून सांगायचे, "इथून राघोबादादा रातोरात निसटला."

तो निसटला नव्हता. १० जून १७६८ रोजी धोडपच्या पायथ्याशी माधवराव पेशव्यांनी चुलत्याच्या फौजेचा पराभव केला. रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, हाती लागले, त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. ही खाचही कुणी खोदलेली नाही, निसर्गाचीच आहे. पण आबांना हे कोण सांगणार? त्यांची शाळा चौथीपर्यंतच झाली होती. ही गोष्ट त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकली होती आणि शिवेच्या दाव्यात आयुष्याची बरीच वर्षं तालुक्याला खेपा घातलेल्या माणसाला चुलत्या-पुतण्याचं भांडण पुस्तकातून समजून घ्यावं लागत नाही.

गंमत म्हणजे आबांना धोडपच्या विजयात फारसा रस नव्हता. ते म्हणायचे, "पुतण्या आधी हरला होता, ते कोणी सांगत नाही."

ते खरंच कोणी सांगत नाही. पानिपत झालं, त्याच वर्षी नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला. १७६२ च्या नोव्हेंबरात चुलत्याने निजामाची मदत घेऊन त्याला घोडनदी आणि आळेगावला गाठलं. बरेच मातब्बर सरदार चुलत्याकडे गेले होते. माधवराव स्वतः शरण गेला आणि चुलत्याच्या पहाऱ्यात राहिला. पुढचे महिने त्याने काय केलं, ते मला कुठल्याही लढाईपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तो आदळआपट न करता आपण एकटे का पडलो ते बघत राहिला. रघुनाथरावांनी मिरज काढून घेतल्यामुळे गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले होते, नागपूरचे जानोजी भोसलेही तिकडेच होते. हे दोघे परत वळवल्यावर १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला लढाई झाली. गोदावरीला पूर आलेला. निजाम पलीकडे उतरला होता आणि त्याची मागची फौज अलीकडे राहिली होती. त्या फौजेचा फडशा पडला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. त्या दिवशी अडचणीत सापडलेल्या चुलत्यालाही पुतण्यानेच सोडवलं.

म्हणून पाच वर्षांनी चुलता पुन्हा उलटला, तेव्हा धोडपला तो थांबला नाही. होळकरांचा दिवाण गंगाधर यशवंत चुलत्याच्या बाजूला होता, गायकवाडांची कुमक आली होती, जानोजी पुन्हा फिरले होते आणि यायच्या बेतात होते. सगळे एक झाले की काय होतं हे माधवरावाने आळेगावला पाहिलं होतं. जानोजी पोचायच्या आत त्याने घाव घातला.

आणि चुलता? १७५८ मध्ये लाहोरपर्यंत धडक मारलेला माणूस. पराक्रमात कमी नव्हताच. पण प्रत्येक पराभवानंतर त्याने एकच केलं, नवा भिडू शोधला. निजाम, भोसले, गायकवाड आणि शेवटी १७७५ च्या सुरतेच्या तहात इंग्रज. मधे १७७३ साली माधवरावाच्या धाकट्या भावाचा, नारायणरावाचा खून झाला, त्याचा ठपकाही त्याच्यावर आला. १७८३ मध्ये कोपरगावला तो मेला, तेव्हा एकही भिडू उरला नव्हता.

आबांची ही गोष्ट मला नीट कळली ती आमची डाळिंबाची बाग गेली तेव्हा. सटाणा, देवळा, मालेगाव, कळवण या पट्ट्यात २००५ नंतरच्या काही वर्षांत तेल्या रोगाने काय केलं ते इथल्या कोणालाही विचारा. पानावर तेलकट ठिपका दिसतो, मग फळावर काळा डाग पडतो, आणि मग ऐन भरात आलेलं फळ तडकतं. नाना, म्हणजे माझे वडील, सकाळी बागेत जायचे आणि तडकलेली फळं पाटीत भरून आणायचे. त्या दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. सोसायटीचं कर्ज होतं, बहिणीचं लग्न ठरत होतं.

बाग उपटली, झाडं जाळली. मग नानांनी फवारणीची जुनी वही काढली. तीत पावसाच्याही नोंदी होत्या. डाग केव्हा दिसला आणि त्याआधी पाऊस केव्हा झाला, हे ते रात्री जुळवत बसत. आम्ही मृग बहार धरायचो, त्यात फळ पावसाळ्यातच पोसतं. तेल्याचा जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडतो, छाटणीच्या कात्रीवरून या झाडाचा त्या झाडावर जातो आणि रोगट बागेतल्या गुटी कलमांबरोबर गावोगाव फिरतो. कृषी विद्यापीठाची माणसंही हेच सांगत होती, पण नानांना ते स्वतःच्या वहीत सापडलं तेव्हा पटलं. काही वर्षं त्या रानात त्यांनी डाळिंब लावलंच नाही. पुन्हा लावलं तेव्हा कलमं निरोगी बाग बघून आणली आणि हस्त बहार धरला, म्हणजे फूल पावसाच्या शेवटाला येतं आणि फळ कोरड्या थंडीत वाढतं. त्यातही कटकटी आहेतच. परतीचा पाऊस लांबला तर झाडाला ताण बसत नाही, आणि फळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत न्यायचं तर पाणी पुरवावं लागतं. त्यासाठी आधी शेततळं झालं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण ठरल्या वेळी, कात्री प्रत्येक झाडानंतर औषधात बुडवायची, गळलेलं फळ रानात राहू द्यायचं नाही. बाग लहानच ठेवली. ती आजही आहे.

काकांनी मात्र त्याच हंगामात दुसरीकडून कलमं आणून लावली, पुढे पुन्हा मृग बहारच धरला आणि पुन्हा घालवला. त्यांना राघोबा म्हणणं अन्याय होईल. त्यांच्यावर सावकाराचा तगादा होता. थांबायला जो पैसा लागतो तो नानांकडे थोडा होता, काकांकडे नव्हता. अपयशातून शिका असं सांगणारे हे सहसा विसरतात.

आणि काही तोटे असे असतात की शिकायला त्यांत काही नसतंच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ७ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. तेव्हा बाजारात लाल कांदा होता. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावात काढावाच लागतो. उन्हाळच्या लागवडी चालू होत्या. तो मार्चमध्ये निघू लागला तरी बंदी उठली नव्हती. ती उठली ४ मे २०२४ ला. नानांनी याही वर्षाची वही ठेवली आहे, लागवड, खत, पाणी, सगळं. तीत त्यांची एकही चूक सापडत नाही. त्या वर्षाचा धडा ज्यांनी घ्यायचा ते कळवणला राहत नाहीत, दिल्लीला राहतात.