स्तनछेदन व स्तनपुनर्रचना

कर्करोगामुळे संपूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया म्हणजे स्तनछेदन. त्या जागी स्तनाचा उंचवटा पुन्हा घडवणे म्हणजे पुनर्रचना. पहिलीची गरज बरीचशी रोगाच्या व्याप्तीवर ठरते. दुसरी करायची की नाही, हे त्या स्त्रीनेच ठरवायचे असते.

अमेरिकेत १९७०च्या दशकापर्यंत तिला विचार करायला वेळच मिळत नसे. तुकडा तपासण्यासाठी भूल दिली जाई आणि कर्करोग निघाला, तर त्याच भुलीत स्तन काढला जाई. शुद्धीवर येताना ती छाती चाचपून निकाल समजून घेई. पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७४ मध्ये तपासणी व शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी करण्याचा हट्ट धरला. १९७९ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने तीच रीत योग्य ठरवली.

‘सगळंच काढून टाका, म्हणजे जिवाचा घोर नको,’ असे घरचे कळवळून म्हणतात. पण बर्नार्ड फिशर (अमेरिका) आणि उंबेर्तो वेरोनेसी (मिलान) यांच्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, ते वेगळे सांगतात : सुरुवातीच्या अवस्थेत केवळ गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या स्त्रियाही तितक्याच जगल्या. गाठी अनेक ठिकाणी असतील किंवा स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, तर मात्र छेदन बहुधा टळत नाही. किरणोपचारांसाठी काही आठवडे जवळपास रोज रुग्णालयात जावे लागते. परळच्या टाटा रुग्णालयात गावाकडून आलेल्या बाईला तेवढे दिवस मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्नही निर्णयात येतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा अनेकांचा आसरा आहे.

पुनर्रचना त्याच वेळी किंवा काही वर्षांनीही करता येते. सिलिकॉनचे रोपण तुलनेने लवकर आटोपते. मात्र किरणोपचारांनंतर त्याभोवतीचे आवरण आवळून दुखण्याचा धोका वाढतो, आणि पुढे ते बदलावेही लागू शकते. पोटाची त्वचा व चरबी वापरायची, तर बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. नंतर परिचारिका रात्रभर येऊन रंग आणि ऊब पाहतात : रक्त पोहोचते आहे ना? घडवलेल्या स्तनाला पूर्वीचा स्पर्श बहुधा जाणवत नाही. हे आधीच सांगायला हवे.

पुनर्रचना नको म्हणणेही तितकेच रास्त आहे. कोणी सपाट छातीनेच वावरते, कोणी ब्लाउजला आतून खिसा शिवून त्यात कृत्रिम स्तन ठेवते. तो नुसत्या कापसाचा असला की वर सरकतो, म्हणून त्यात थोडे वजन भरतात.